देराची खाडी आणि नियोजनातील दूरदृष्टी

दुबईच्या खाडीमुळे शहराचे दोन भाग पडतात. एका काठावर देरा ही जुनी व्यापारपेठ आहे, तर समोरच्या काठावर बर दुबई. 1963मध्ये अल मक्तूम पूल खुला होईपर्यंत खाडी ओलांडण्यासाठी ‘अब्रा’ नावाच्या छोट्या होड्यांचा आधार होता, नाहीतर खाडीच्या टोकाला मोठा वळसा घालावा लागे. दुबईला तेल सापडले ते 1966मध्ये आणि त्याची निर्यात सुरू झाली 1969मध्ये. म्हणजे हा पूल तेलाच्या पैशापूर्वीचा आहे. शहर श्रीमंत झाले म्हणून दूरदृष्टी आली असे नसून, व्यापार वाढायचा तर आधी वाट हवी, हे दुबईचे तेव्हाचे शासक शेख राशिद यांच्या राजवटीने वेळीच ओळखले होते.

ब्रिटिश वास्तुविशारद जॉन हॅरिस यांनी 1960मध्ये शहराचा पहिला विकास आराखडा, म्हणजे भावी रस्ते, वस्त्या व सार्वजनिक जागा यांचा एकत्रित नकाशा, तयार केला आणि 1971च्या सुधारित आराखड्यात खाडीखालील बोगद्याचा व आणखी पुलाचा विचार मांडला. त्यानुसार 1975मध्ये अल शिंदगा बोगदा आणि 1976मध्ये अल गर्हूद पूल वाहतुकीस खुला झाला. एकच पूल कितीही रुंद केला तरी सारी वाहने त्याच्याच तोंडाशी दाटतात, त्यामुळे खाडी ओलांडण्याच्या वाटा अंतराअंतरावर विभागणे, हा या योजनेतील शहाणपणाचा भाग होता.

तथापि या दृष्टीची मर्यादाही देरामध्येच दिसते. नवी वाट मिळाली की मोटारीही वाढतात. या ‘प्रेरित वाहतुकी’मुळे 2007मध्ये अल गर्हूद पुलावर पथकर लागू करावा लागला आणि मेट्रोची लाल मार्गिका 2009मध्ये, तर हिरवी 2011मध्ये सुरू झाली. शेख झायेद रस्त्यालगत मोकळी जागा असल्याने मेट्रो खांबांवरून नेता आली. देराच्या दाट वस्तीत मात्र तिला बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली जावे लागले, आणि भुयारी मार्ग उन्नत मार्गापेक्षा कितीतरी महाग पडतो.

रस्ता आधी आणि रेल्वे मागाहून, हा अनुभव महाराष्ट्रालाही नवा नाही. ठाणे खाडीवरील वाशीचा रस्तापूल 1973मध्ये झाला, परंतु मानखुर्द ते वाशी लोकल 1992मध्ये धावली आणि त्या दोन दशकांत नव्या मुंबईच्या वाढीला रेल्वेची साथ लाभली नाही. रस्तापुलांनाही विलंब झालाच: शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूची कल्पना 1960च्या दशकातली, पण तो ‘अटल सेतू’ या नावाने उघडला जानेवारी 2024मध्ये.

दुबईत आता मेट्रोच्या निळ्या मार्गिकेसाठी खाडीवर 1,300 मीटर लांबीचा स्वतंत्र पूल बांधला जात आहे. भविष्याचा अचूक अंदाज कोणालाच बांधता येत नाही. म्हणून पुलाला मंजुरी देतानाच त्याच्या दोन्ही टोकांना रेल्वेसाठी जमिनीचा पट्टा राखून ठेवणे आणि तो अतिक्रमणापासून जपणे, हे प्रत्येक वाढत्या शहराचे कर्तव्य ठरते, कारण आज न राखलेली जागा उद्या कोणत्याही किमतीला मिळेलच असे नाही.