खारी, कवडी आणि शंख : बिनसमुद्राच्या मुलखातले समुद्रधन

अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तेल्हाऱ्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांहून दूर आहे. तरीही वऱ्हाडातल्या जुन्या घरांत समुद्राने दिलेल्या वस्तू सहज सापडतात. देवघरात शंख असतो, देवीच्या परडीजवळ कवड्यांची माळ असते, बायकांच्या गळ्यातल्या पोतीत पोवळे असते आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या गळ्यातही कवड्या दिसतात. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, पसरलेली खारी समुद्राची नसली, तरी तीही मिठाचीच माती आहे. घर कशाने शोभते आणि घरातल्या वस्तू माणसाला काय शिकवतात, हे खारी, कवडी आणि शंख या तीन वस्तूंवरून नीट समजते.

समुद्राशी या भागाचा पाण्याचाही संबंध आहे. मेळघाटातून येणारी वान नदी पूर्णेला मिळते. पूर्णा जळगाव जिल्ह्यातील चांगदेव येथे तापीत मिसळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. तेल्हाऱ्याच्या शिवारात पडलेला पाऊस असा पश्चिमेकडे जातो. मीठ, कवड्या आणि शंख मात्र शतकानुशतके उलट दिशेने, बैलांच्या पाठीवरून या मुलखात येत राहिले.

शेतातला शत्रू, छपरावरचा राखणदार

पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सुमारे नऊशे गावांचा आहे. तेल्हारा तालुक्याचा दक्षिण भाग त्यातच येतो. इथे कधीकाळी समुद्र किंवा खाऱ्या पाण्याचे मोठे सरोवर होते, अशी जुनी समजूत आहे. प्रत्यक्षात हे खोरे नदीने आणलेल्या गाळाने भरलेले आहे. चिकणमातीतून पाण्याचा निचरा अतिशय मंद होतो, पाऊस बेताचा पडतो आणि ऊन कडक असते. त्यामुळे खडकांच्या झिजेतून सुटलेले क्षार वाहून न जाता जमिनीत आणि विहिरींच्या पाण्यात साठत गेले. आज या पट्ट्यातील अनेक गावांना वारी येथील वान धरणाचे गोडे पाणी नळाने पुरवले जाते.

या खारेपणाने एकदा इतिहासातही जागा मिळवली. 1930 मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वऱ्हाडाजवळ समुद्रकिनारा नव्हता. सत्याग्रहींनी अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथील विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार केले आणि कायदा मोडला. किनारा नाही म्हणून ते थांबले नाहीत. आपल्याच मातीत जे होते त्यावर त्यांनी काम भागवले.

गावातल्या घर बांधणाऱ्यांनी हेच फार आधी केले होते. वऱ्हाडातले जुने घर धाब्याचे असे. लाकडी सरांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला, मग मातीचा जाड थर आणि सर्वांत वर खारी, अशी त्याची रचना असे. पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर नवी खारी टाकणे हे घरोघरचे ठरलेले काम होते. या मातीत सोडियमचे प्रमाण जास्त असते. पावसाचे पाणी लागताच तिचे बारीक कण सुटे होतात, मातीतली छिद्रे बुजवतात आणि पाणी खाली झिरपू देत नाहीत. हाच गुण शेतात पिकाच्या मुळावर येतो, कारण पाणी मुरत नाही आणि हवा खेळत नाही. छपरावर मात्र तोच घर कोरडे ठेवतो. वस्तूचा गुण किंवा दोष ती कुठे ठेवली यावर ठरतो, हे खारीइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरी वस्तू सांगते. घराच्या सजावटीतही हाच विचार पहिला यावा लागतो.

खारीखालच्या भिंती पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने पोतारल्या जात, जमीन शेणाने सारवली जाई आणि अंगणात सडा-रांगोळी होई. कोकणात चुना शिंपले भाजून करत. पूर्णेच्या खोऱ्यात गाळातल्या चुनखडीचे खडे भाजून करत. दोन्ही ठिकाणी भिंत शुभ्र होई आणि दोन्ही ठिकाणी ती दरवर्षी नव्याने रंगवावी लागे. टिकाऊपणा वस्तूत नव्हता, सांभाळण्याच्या सवयीत होता. ज्या घरात ही सवय सुटली, तिथले धाबे दोन-चार पावसाळ्यांतच गळू लागे.

कवडीचा प्रवास

वऱ्हाडी घरातली कवडी फार लांबून आलेली असे. लहान, पिवळसर पांढऱ्या कवड्यांचा सर्वांत मोठा पुरवठा मालदीव बेटांतून होई. चौदाव्या शतकात तिथे राहिलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवले आहे, की कवड्या बंगालला जात आणि त्यांच्या बदल्यात तांदूळ येई. बेटांवरचे लोक उथळ पाण्यात नारळाच्या झावळ्या टाकत. त्यांना चिकटलेल्या कवड्या गोळा करून वाळूत पुरत आणि आतला जीव कुजून गेल्यावर धुऊन घेत. भारताच्या अनेक भागांत एकोणिसाव्या शतकापर्यंत कवडी सुटे नाणे म्हणून चालत होती.

किनाऱ्यावरून आतल्या प्रदेशात मीठ आणि धान्याची ने-आण करणारे मोठे वाहतूकदार म्हणजे बंजारा. हजारो बैलांचे त्यांचे तांडे दख्खनभर फिरत. 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचली आणि बैलांच्या पाठीवरचा हा व्यापार मोडत गेला. तांडे स्थिरावले, पण कवडी त्यांच्या कलेत राहिली. बंजारा स्त्रियांचे फेटिया (घागरा) आणि काचळी (चोळी), घागरीखालची चुंबळ, पिशव्या आणि बैलांच्या झुली यांवर आरसे, रंगीत दोरे आणि कवड्या यांचे भरतकाम असते. कवडीची फुगीर पाठ घासून किंवा ठोकून काढतात. मग ती कापडावर सपाट बसते, मागून दोरा ओवता येतो आणि दातेरी बाजू वर राहते. व्यवहारातून बाद झालेले नाणे असे अलंकार बनले.

कवडीची चकाकी पॉलिशमुळे येत नाही. जिवंतपणी आतल्या प्राण्याचे मऊ आवरण कवचावर बाहेरून पसरते, त्याला ओरखड्यांपासून जपते आणि त्यावर नवा थर चढवत राहते. म्हणून शेकडो वर्षांच्या कवडीचा पृष्ठभागही गुळगुळीत दिसतो. वऱ्हाडी घरात या टिकाऊपणाचा पुरेपूर उपयोग झाला. त्याच कवड्या चौपटाच्या खेळात दान टाकायला असत, माहूरच्या रेणुकेला मानणाऱ्यांच्या घरी माळेत असत आणि पोळ्याला गोठ्यात जात. शोभेची वस्तू एकाच कपाटात बंद नसे. सणावारी ती घरभर फिरे आणि प्रत्येक वेळी तिला काही काम असे.

शंख कसा घडतो

देवघरातला पांढरा शंख बहुधा मन्नारच्या आखातातला, तामिळनाडूच्या तुतिकोरीन किनाऱ्याजवळचा असतो. शंखातला मऊ प्राणी पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट वापरून कवच तयार करतो. तो कवच टाकून नवे घेत नाही. तोंडाच्या कडेला थोडी थोडी भर घालत जातो. म्हणून शंखाच्या टोकाशी त्याचे बालपण असते आणि तोंडाशी अखेरचे दिवस. वाढीची प्रत्येक रेषा कवचावर राहते. अन्नाची टंचाई, दुखापत, पुन्हा सुरू झालेली वाढ यांच्या खुणा जाणकाराला त्यावर वाचता येतात.

शिंपल्याच्या आतली मोत्यासारखी झळाळी देणारा थर तर आणखी उद्बोधक आहे. त्याचा बहुतेक भाग साध्या चुन्याच्या खनिजाचा असतो, पण ते अतिशय पातळ पापुद्र्यांत रचलेले असते आणि पापुद्र्यांमध्ये प्रथिनांचा चिवट लेप असतो. चीर पडली, तरी ती सरळ आरपार जात नाही. प्रत्येक पापुद्र्याशी अडते आणि वळते. त्यामुळे तोच पदार्थ मूळ खनिजापेक्षा कितीतरी चिवट होतो. बळ पदार्थातून कमी आणि रचनेतून जास्त येते, हे शिंपला दाखवतो.

शंख कानाला लावला की समुद्र ऐकू येतो, असे मुलांना सांगतात. तो आवाज आजूबाजूच्या गलबल्याचा असतो. शंखाची पोकळी त्यातले काही स्वर घुमवते आणि बाकीचे दाबते. अगदी शांत खोलीत तो आवाज जवळजवळ नाहीसा होतो. हा प्रयोग घरी सहज करून पाहता येतो आणि त्याने शंखाबद्दलचे नवल वाढतेच.

किनाऱ्यावर काय घ्यावे, काय सोडावे

आता वऱ्हाडातली कुटुंबे सुट्टीत गणपतीपुळे, मुरुड, अलिबागला जातात आणि परतताना शिंपले आणतात. भरतीची लाट जिथवर येते, त्या रेषेवर रिकामी कवचे साचतात. त्यांतल्या काही शंखांत खेकडे बिऱ्हाड करतात, काही झिजून वाळूत मिसळतात. म्हणून कवच उचलण्यापूर्वी आत कुणी नाही हे पाहावे आणि मोजकेच घ्यावे. मूठभर शिंपले आठवणीला पुरतात. पोतेभर शिंपल्यांना घरातही जागा सापडत नाही.

विकत घेताना कायदा ठाऊक असावा. प्रवाळ, नॉटिलस, ट्रायटन शंख आणि काही जातींचे महाशिंपले 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या संरक्षित सूचीत आले. त्यांचा व्यापार गुन्हा आहे. दक्षिणावर्ती, म्हणजे नेहमीच्या उलट बाजूला वळलेल्या दुर्मीळ शंखाच्या नावाखाली अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे वेगळ्याच जातीचे शंख मोठ्या किमतीला विकले जातात. त्या जातीचे सगळेच शंख त्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे त्यांत दुर्मीळ असे काही नसते.

आजच्या घरात

धाब्याची घरे आता थोडी उरली आहेत. तेल्हाऱ्यातही सिमेंटच्या स्लॅबची घरे उभी आहेत. तरी जुन्या घराची पद्धत नव्या भिंतींतही चालते. जुन्या भिंतीत एक देवळी असे आणि तिच्यात एकच वस्तू ठेवत, म्हणून ती नजरेत भरे. आजही पांढऱ्या भिंतीवर कवड्या-आरशांच्या बंजारा भरतकामाचा एक चांगला तुकडा चौकटीत लावला, तर खोलीला पुरतो. तो थेट करणाऱ्या बाईकडून घेतला, तर मोबदला तिच्या हाती पडतो आणि टाक्याचे नाव व कवडी बसवण्याची रीतही विचारून घेता येते.

शिंपले सांभाळायला सोपे असतात. ते काही दिवस गोड्या पाण्यात भिजवावेत, पाणी रोज बदलावे, मऊ ब्रशने घासावेत आणि सावलीत वाळवावेत. लिंबू, व्हिनेगर किंवा फरशी धुण्याचे आम्ल वापरू नये, कारण कवच चुन्याचेच असल्याने ते विरघळते. अकोल्याकडच्या उन्हात शिंपल्यांचे रंग लवकर उडतात, म्हणून ते खिडकीपासून दूर ठेवावेत. बंद लाकडी पेटी किंवा पुठ्ठ्याचा डबा दमट दिवसांत आम्लाच्या वाफा सोडतो आणि कवचावर पांढरी भुकटी धरते. काचेची उघडी वाटी किंवा दगडी ताटली त्यापेक्षा बरी.

प्रत्येक वस्तूखाली एक चिठ्ठी असावी: ती काय आहे, कुठली आहे, कोणी आणि कधी आणली. संग्रहालये हीच पद्धत पाळतात, कारण ठावठिकाणा हरवलेला शंख अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही. घरातही चिठ्ठी असली, की पुढच्या पिढीतल्या मुलाला मालदीवची बेटे, बंजारा तांडे, पूर्णेचे खारे पाणी आणि दहीहांड्याची विहीर यांचा धागा एका कवडीपासून धरता येतो. घरात मोजक्याच वस्तू असाव्यात, त्या योग्य जागी असाव्यात, त्यांची उस्तवार नियमित व्हावी आणि त्या कुठून आल्या हे घरच्यांना सांगता यावे. वऱ्हाडी घराने समुद्रधन एवढ्याच नियमांवर जपले आणि कोणत्याही घराच्या सजावटीला तेवढेच नियम पुरेसे आहेत.