पेशींचे टपाल आणि बाजाराची घाई

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात ‘एक्झोसोम’ या नावाखाली विकली जाणारी द्रव्ये वापरून काही रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांच्यावर गंभीर दुष्परिणाम ओढवले. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला की, अशा एकाही उत्पादनास मान्यता दिलेली नाही.

ज्या संशोधनाच्या पुण्याईवर हा व्यापार चालतो, ते संशोधन मात्र खोटे नव्हे. शरीरातील पेशी पातळ पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पुटिका बाहेर सोडत असतात. एक्झोसोम हा त्यांतलाच एक प्रकार. व्यास साधारणतः ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात मोजावा असा. १९६७ साली पीटर वुल्फ यांना रक्तद्रवात असे कण आढळले, तेव्हा त्यांनी त्यांची संभावना ‘रक्तबिंबिकांची धूळ’ अशी केली. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलच्या रोझ जॉनस्टन यांनी दाखवून दिले की, अपरिपक्व तांबड्या पेशी नकोसे झालेले एक प्रथिन याच मार्गाने टाकून देतात. म्हणजे पुन्हा केरकचराच! पुढे २००७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांना या पुटिकांत आरएनए सापडला, आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन कामाला लागतो हेही दिसले. केराची टोपली टपालाची थैली ठरली.

मग त्या थैलीतून औषधच का धाडू नये? २०१० मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी मूलपेशींच्या पुटिकांनी उंदरांच्या हृदयाची इजा कमी करून दाखविली. जीवाणूंच्या पुटिकांपासून बनलेली मेंदूज्वराची लस तर न्यूझीलंडने २००४ पासून मुलांना दिली. अर्थात रीतसर चाचण्या घेऊनच. मानवी पेशींच्या पुटिकांची वाट अधिक बिकट आहे. पेशी कशा वाढविल्या यावर थैलीतील ऐवज बदलतो, त्यामुळे एक घाणा दुसऱ्यासारखा निघेलच असे नाही. मात्रा कणांच्या संख्येने मोजावी की प्रथिनाच्या वजनाने, हाही प्रश्नच. शिवाय अनेक विषाणू नेमके याच आकाराचे. पुटिका ठेवून तेवढे विषाणू गाळून काढणे सोपे नाही.

विक्रेत्यांना या अडचणींशी कर्तव्य नसते. आपले उत्पादन औषधांच्या कायद्यात बसतच नाही, असा काही दवाखान्यांचा दावा होता. प्रशासनाने त्याच इशाऱ्यात तो साफ असत्य ठरविला. परंतु तोवर नेब्रास्कातील रुग्णांनी सुया टोचून घेतल्या होत्या.