शिकण्यासाठी किती सीसीची गाडी?

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. सिलिंडरमध्ये पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा झाडून काढतो, तेवढे ते माप. हीरो स्प्लेंडर प्लसच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर आहे; त्याचे आकारमान ९७.२ सीसी भरते. होंडा शाइन १२५ चा व्यासही ५० मिलिमीटरच, पण स्ट्रोक ६३.१ मिलिमीटर, म्हणून ती १२३.९ सीसी. दोन्ही गाड्यांचे वजन ११२-११३ किलोच्या आसपास आहे. फरक आहे तो टॉर्कमध्ये, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोरात: स्प्लेंडरचा सुमारे ८ आणि शाइनचा ११ न्यूटन-मीटर. नवशिक्याला हा फरक वेगात जाणवत नाही, जाणवतो तो चौकात गाडी हलवताना. क्लच जरा लवकर सुटला तर कमी टॉर्कची गाडी झटका खाऊन बंद पडते. जास्त टॉर्कची गाडी सांभाळून घेते. तरीही दुकानात पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती?’ हाच विचारला जातो.

सीसीपेक्षा शिकणाऱ्याला महत्त्वाचे आहे वजन. चालती मोटारसायकल हँडलच्या बारीक हालचालींनी तोल सावरते, पण ताशी आठ-दहा किलोमीटरच्या खाली ही मदत कमी होत जाते आणि थांबल्यावर सगळा भार चालकाच्या पायांवर येतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आणि हँडल एक मीटर उंचीवर आहे असे धरले, तर १० अंश कललेली ११२ किलोची गाडी हँडलपाशी तोलून धरायला सुमारे १० किलोचा जोर लागतो. १९५ किलोच्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० साठी तोच जोर १७ किलो होतो. कल २० अंशांवर गेला की आकडे जवळजवळ दुप्पट होतात: १९ आणि ३३. हलकी गाडी कलली तरी सावरता येते. जड गाडी एका मर्यादेपलीकडे सोडूनच द्यावी लागते. भरदार गाडीवर रुबाब चांगला दिसतो हे खरे, पण तो वाहन परवाना हातात आल्यानंतर मिरवावा.

वजनाला जोडूनच येते सीटची उंची. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटरवर, बजाज प्लॅटिना १०० ची ८०७ वर. दोन सेंटिमीटरांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण बुटक्या चालकाचे पूर्ण तळवे टेकणे आणि नुसती बोटे टेकणे यांत तोच आडवा येतो. त्यामुळे गाडी मधल्या स्टँडवरून काढून, सीटवर बसून, डावी-उजवीकडे थोडी कलवून पाहिल्याशिवाय पसंत करू नये.

गिअरची मांडणी बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. स्प्लेंडरचे चारही गिअर पायाने पुढे दाबून पडतात. पल्सर १५० मध्ये पहिला खाली आणि बाकीचे वर आहेत. पहिलीवर शिकलेला माणूस दुसरीवर बसला, की वरचा गिअर टाकायच्या सवयीने खालचा टाकतो. इंजिन ओरडते आणि मागचे चाक घसरू शकते. ज्या मांडणीची गाडी पुढे रोज चालवायची आहे, तिच्यावरच शिकलेले बरे.

ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर सरकतो, म्हणून थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. शिकणारे नेमके त्यालाच घाबरतात आणि फक्त मागचा दाबतात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झाले. एकत्रित ब्रेकमध्ये मागचा दाबला की पुढचाही काही अंशी लागतो. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, भान यायला एक सेकंद गेला असे धरले तर, साधारण २२ मीटरवर थांबते. ताशी ६० ला हेच अंतर ४० मीटर होते. वेग दीडपट, अंतर मात्र जवळजवळ दुप्पट.

छत्तीसगडमधल्या भिलाईत हे गणित रस्त्यागणिक बदलते. पोलाद कारखान्याच्या वसाहतीतले सेक्टरांचे रस्ते रुंद, सरळ आणि झाडांच्या सावलीचे आहेत. क्लच-गिअरचा सराव सकाळी तिथेच करावा, पाळी सुटण्याची वेळ टाळून. सुपेला आणि पॉवर हाउसवरून जाणारा जीई रोड ही पुढची पायरी. तिथे ट्रक, बस, ऑटो आणि सायकली एकाच पट्ट्यात येतात आणि शंभर सीसीच्या गाडीकडे झटकन पुढे निघण्याइतका पिकअप नसतो. ट्रकच्या मागे अंतर ठेवून राहणे हाच मार्ग. पहिल्या पावसात धूळ आणि तेल मिसळून रस्ता निसरडा होतो, तेव्हा एबीएस असले तरी थांबण्याचे अंतर वाढतेच. देशभराच्या रेल्वेला रूळ पुरवणाऱ्या या गावात रूळ ओलांडायची रीतही शिकावी लागते: शक्यतो काटकोनात, गाडी सरळ ठेवून. तिरके गेले तर अरुंद टायर रुळाशेजारच्या फटीत अडकतो.

कायद्याने गिअरची मोटारसायकल चालवायला वय १८ लागते. १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतचीच परवानगी आहे. ही तरतूद लुनाच्या काळात उपयोगाची होती, आता बाजारात तशा पेट्रोलच्या गाड्या जवळजवळ उरल्या नाहीत. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. तोवर पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा आणि शिकवणाऱ्याशिवाय मागे कोणाला बसवायचे नाही. हेल्मेट आयएस ४१५१ चा शिक्का असलेलेच घ्यावे.

पहिली गाडी जुनी घेणे शहाणपणाचे, कारण ती एकदा तरी पडणारच. आरसा, इंडिकेटर, क्लचचा दांडा या वस्तू शंभर सीसीच्या गाड्यांना कुठेही आणि स्वस्त मिळतात. घेताना चेनचा सैलपणा, टायरची झीज आणि हँडल सरळ आहे का ते पाहावे. नागपूर-गोंदियाहून मुलासाठी एमएच पाटीची गाडी भिलाईत आणणाऱ्या घरांनी आणखी एक लक्षात ठेवावे: बारा महिन्यांहून जास्त काळ ती छत्तीसगडमध्ये राहणार असेल, तर आधीच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुर्गमध्ये सीजी ०७ चा नवा क्रमांक घ्यावा लागतो.