सबरूटीन की सबप्रोसीजर? : एका मराठी पदबंधाच्या आधारे विचार

संगणकाच्या कार्यक्रमात वारंवार लागणारे काम एकदाच लिहून ठेवावे व हवे तेथे त्यास बोलावावे, ही पद्धत केंब्रिज येथे १९४९ साली सुरू झालेल्या एड्सॅक यंत्रावर दृढ झाली. विल्क्स, व्हीलर व गिल यांच्या १९५१ च्या ग्रंथात अशा सबरूटीनांचा संग्रहच आढळतो. पुढे आर.पी.जी. भाषेत सबरूटीन व सबप्रोसीजर हे दोन्ही प्रकार शेजारी नांदू लागले. सबरूटीन भोवतालच्या कार्यक्रमाचीच चले वापरते. सबप्रोसीजरला माहिती बाहेरून पुरविता येते, तिची चले तिच्यापुरती राहतात आणि ती उत्तर परत करू शकते.

या भेदाचे महत्त्व भाषेच्या पृथक्करणात विशेष जाणवते. ‘वणीजवळच्या गडावरच्या मंदिरातल्या मूर्तीला साडी नेसवली’ हे वाक्य घ्यावे. येथे ‘मूर्ती’चे विशेषण मंदिरावरून, मंदिराचे गडावरून व गडाचे वणीवरून सिद्ध झाले आहे. पदबंधाच्या पोटात पदबंध आहे. म्हणून पृथक्करण करणाऱ्या विभागाने प्रत्येक पायरीवर स्वतःलाच बोलावणे स्वाभाविक ठरते.

‘नाम’ व ‘प्रत्यय’ ही चले सामाईक ठेवल्यास आतील पायरी बाहेरील पायरीची नोंद पुसून टाकते. ‘मूर्ती’च्या जागी अखेर ‘वणी’ उरते आणि साडी गावाला नेसविली जाते! यंत्र मात्र थांबत नाही. चुकीचे उत्तर बिनबोभाट नोंदले जाते, हा खरा धोका होय. सबप्रोसीजरच्या प्रत्येक आवाहनास स्वतंत्र चले मिळतात, त्यामुळे परतताना ‘मूर्ती’ जागच्या जागी सापडते. आर.पी.जी.मध्ये सबरूटीनने स्वतःस बोलावणे तर वर्ज्यच आहे.

‘गड’पासून ‘गडा’, ‘घोडा’पासून ‘घोड्या’ असे सामान्यरूप देणारा विभागही सबप्रोसीजर असावा. एक शब्द घ्यावा, एक द्यावा, एवढेच त्याचे काम असल्याने तो अन्य कार्यक्रमांतही उपयोगी पडतो.

याचा अर्थ सबरूटीन त्याज्य आहे असा नव्हे. पृष्ठाचे शीर्षक छापणे किंवा एकूण शब्दसंख्येत भर घालणे ही कामे त्याच कार्यक्रमाच्या सामाईक स्थितीशी निगडित असतात. तेथे ती सुटसुटीत ठरते. तात्पर्य, विभागाची लांबी हा निकष नव्हे. त्याने कोणती चले पाहावी व कोणती बदलावी, हे आधी ठरवावे. निवड त्यातूनच होते.