मेडिक्लेमचं दार आणि त्याच्या तारखा (लेखमाला : भाग सहावा)

मार्च सरत आला की छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यापासून निराला बाजारापर्यंत करसल्लागारांकडे एकच घाई उडते. आयकराच्या कलम ८०-ड खाली स्वतःच्या कुटुंबाच्या हप्त्यावर २५,००० रुपयांपर्यंत आणि ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, म्हणून ३१ तारखेच्या आत मेडिक्लेम उरकून घेणारे पुष्कळ असतात. त्यातून एक समज पक्का झाला आहे : आरोग्य विम्याचा हंगाम मार्चचा, तो हुकला की वर्षभर थांबायचं. ही तारीख मुळात आयकर खात्याची आहे, विमा कंपनीची नाही. नव्या करप्रणालीत गेलेल्यांना तर ती वजावट मिळतही नाही. आणि ज्या तारखांवर खरोखर उपचाराचे लाखो रुपये अवलंबून असतात, त्या मात्र घरच्या कालनिर्णयवर कुणी लिहून ठेवत नाही.

शहरातल्या ज्या घरांतली मुलं न्यू जर्सी किंवा टेक्सासला आहेत, त्या घरांत नोव्हेंबरच्या फोनवर ‘ओपन एनरोलमेंट’ हा शब्द हमखास कानावर पडतो. २०१० साली अमेरिकेत ओबामांच्या काळात जो आरोग्य कायदा झाला, त्याने विमा कंपन्यांवर एक मोठं बंधन घातलं. २०१४पासून कुणालाही आधीच्या आजारामुळे विमा नाकारायचा नाही, जास्त हप्ता लावायचा नाही आणि त्या आजाराच्या उपचारासाठी ताटकळतही ठेवायचं नाही. मग लोक आजारी पडल्यावरच विमा घ्यायला येतील, हे उघड होतं. म्हणून नोंदणीला ठरावीक दिवसच ठेवले. गेली काही वर्षं बहुतेक राज्यांत १ नोव्हेंबर ते १५ जानेवारी असा हा काळ राहिला आहे. लग्न झालं, मूल झालं, नोकरीबरोबर विमा गेला, तर साठ दिवसांची खास सवलत मिळते. एरवी पुढच्या नोव्हेंबरची वाट पाहायची. सहा महिन्यांसाठी भेटीला गेलेल्या आईवडिलांना या दारातून प्रवेश नाही, कारण ही सोय तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. त्यांनी प्रवास विमा काढूनच विमानात बसावं.

नोंदणीच्या या ठरावीक दिवसांमागचं कोडं जॉर्ज एकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७०च्या एका निबंधात उलगडलं होतं. पासष्टीपुढच्या माणसांना कोणत्याही किमतीत आरोग्य विमा मिळणं इतकं कठीण का होतं, हे त्यातलं एक उदाहरण. हप्ता वाढवला की धडधाकट माणसं बाहेर पडतात, मागे दुखणाईत उरतात, खर्च वाढतो, म्हणून हप्ता आणखी वाढतो, आणि शेवटी बाजारच आटतो. एकरलॉफना पुढे २००१ साली नोबेल मिळालं. जगातल्या प्रत्येक विमा व्यवस्थेला या कोड्याचं काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. अमेरिकेचं उत्तर : दार थोडेच दिवस उघडं, पण आत आलात की लगेच सगळं मिळेल. भारताचं उत्तर याच्या नेमकं उलट आहे. दार बाराही महिने उघडं, पण आत आल्यावर थांबा.

१९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, तेव्हापासून वैयक्तिक पॉलिसी कुठल्याही दिवशी घेता येते. १ एप्रिल २०२४पासून विमा नियामकाने म्हणजे ‘इर्डा’ने प्रवेशासाठीची पासष्ट वर्षांची चौकटही काढून टाकली, कंपन्यांनी सर्व वयांसाठी पॉलिसी ठेवायची आहे. प्रत्येक अर्ज मान्य करायची सक्ती मात्र कंपनीवर नाही, आणि साठीनंतरचा अर्ज बारकाईने तपासला जातो. पण अर्ज मान्य झाला तरी त्या दिवशी फक्त घड्याळ सुरू होतं.

हे घड्याळ उदाहरणानेच नीट कळतं. समजा, पंचेचाळिशीतल्या एका दुकानदाराने १० जुलै २०२५ रोजी पॉलिसी घेतली आणि अर्जात मधुमेह असल्याचं खरं लिहिलं. पहिले तीस दिवस फक्त अपघाताचा खर्च मिळेल. डेंग्यू झाला तर खिशातून भरायचं. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा ठरावीक उपचारांना बहुतेक पॉलिस्यांत दोन वर्षांची थांब असते, म्हणजे जुलै २०२७. मधुमेह आणि त्यातून उद्भवणारे विकार हा ‘आधीपासूनचा आजार’ ठरतो. त्यासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येतं, म्हणजे जुलै २०२८. २०२४च्या आधी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. आणि सलग ६० महिने पॉलिसी चालली की जुलै २०३०नंतर, ‘तुम्ही माहिती दडवली’ या कारणावरून कंपनीला क्लेम फेटाळता येत नाही; फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद. आधी यासाठी आठ वर्षं लागत.

म्हणजे ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणणाऱ्याची फक्त दिवाळी जात नाही. या चारही तारखा तेवढ्याच पुढे सरकतात. आणि त्या मधल्या काळात साखर निघाली, तर आज जो आजार पॉलिसी घेतल्यानंतरचा ठरला असता, तोच उद्या आधीपासूनचा ठरतो. आरोग्य विमा तब्येत ठणठणीत असतानाच घ्यावा, या सल्ल्यामागचं गणित हे असं आहे, आणि ते एजंटच्या कमिशनपेक्षा खूप मोठं आहे.

समूह विम्याची रीत वेगळी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या मोठ्या कारखान्यांत कर्मचाऱ्यांना जी समूह पॉलिसी असते, तिच्यात बहुधा आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. थांब नाही, म्हणून मग दार अरुंद. वर्षातून एकदा, नूतनीकरणाच्या वेळी, कुटुंबाची नावं घालायला काही दिवस मिळतात. मधल्या काळात लग्न झालं किंवा बाळ झालं तर ते कळवायला साधारण तीस दिवसांची मुदत असते. आईवडिलांचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी नूतनीकरणाच्या वेळीच घालता येतं. वडिलांच्या हृदयात ब्लॉकेज निघाल्यावर एचआरकडे धावणाऱ्याला पुढच्या वर्षाची तारीख सांगितली जाते, ती याच कारणाने.

इथे कारखान्यांना दोष द्यायलाच हवा. ही नोंदणीची सूचना इंग्रजी ईमेलने येते, आणि शॉप फ्लोअरवर पाळी करणारा कामगार ईमेल उघडत नाही. हीच सूचना मराठीत, कँटीनच्या फलकावर, शेवटच्या तारखेसह लावायला एक कागद लागतो. आईवडिलांची नावं राहून जाण्याचं नुकसान एखाद्या कुटुंबाचं आयुष्यभराचं कर्ज होऊ शकतं. त्यापुढे हा कागद फार नाही.

बँकांच्या निवृत्तांचंही असंच आहे. २०१५च्या वेतन करारानंतर बँकांच्या संघटनेमार्फत जी समूह योजना आली, तिचं निवृत्तांसाठीचं वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं. हप्ता निवृत्ताने स्वतः भरायचा, आणि विकल्प त्याआधीच्या आठवड्यांत द्यायचा. हप्ता फार वाढला म्हणून एक वर्ष सोडून देणारे असतात. पण एकदा बाहेर पडलेल्याला परत घेतलं जाईलच, अशी हमी नसते.

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारासाठी तिसरंच उत्तर आहे : सक्ती. कामगार राज्य विमा कायदा १९४८चा. सगळ्यांनाच आत यावं लागतं, त्यामुळे निवडून-निवडून आजारीच आत येण्याचा प्रश्न उरत नाही, आणि उपचार पहिल्या दिवसापासून मिळतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. मात्र आजारपणातल्या रजेच्या भत्त्याला तारखा आहेत. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली, तर पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनमध्ये भत्त्याचा हक्क मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. पगार जूनमध्ये २१,०००च्या वर गेला तरी कपात ३० सप्टेंबरपर्यंत चालूच राहते. ती पाहून चिडणारे कामगार आहेत. पण त्या कपातीवरच पुढच्या सहामाहीचा हक्क उभा असतो, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं.

आणि जे मालक कामगारांची नोंदणीच करत नाहीत? त्यांच्यासाठी कामगार राज्य विमा महामंडळाने दार दोनदा मुद्दाम उघडलं. २०१६च्या अखेरीस ‘स्प्री’ नावाची मोहीम निघाली. मागची थकबाकी न मागता नोंदणी करून घेण्याच्या या मोहिमेत देशभरात ८८,०००हून अधिक आस्थापना आणि १ कोटी २ लाख कामगार आत आले. २०२५मध्ये १ जुलैपासून तीच मोहीम पुन्हा राबवली गेली. चिकलठाण्याच्या कामगार विमा रुग्णालयाबद्दल तक्रारी कितीही असोत, कंत्राटी कामगाराचं नाव तिथल्या नोंदीत असणं आणि नसणं यात फार अंतर आहे.

औरंगपुऱ्यातल्या महात्मा फुल्यांच्या पुतळ्यासमोरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की त्यांच्या नावाच्या जनआरोग्य योजनेत आता आपणही बसतो? योजना आधी राजीव गांधींच्या नावाने जुलै २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून त्यात फक्त नांदेड होतं. या शहराला नोव्हेंबर २०१३पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांची होती. १ जुलै २०२४पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, आणि दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. तेव्हा यादीत १,३५६ उपचार होते. पैसा करातून येतो आणि सगळेच आत आहेत, म्हणून इथे नोंदणीचा हंगाम नाही की थांबही नाही. घाटी रुग्णालयात किंवा शासकीय कर्करोग रुग्णालयात योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलावर शिधापत्रिका आणि आधार दाखवायचं. उपचार यादीत आणि रुग्णालय योजनेत असलं पाहिजे, एवढी अट.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान वयवंदना कार्ड आलं. उत्पन्नाची अट नाही, वय आधारवरचं धरतात, खासगी मेडिक्लेम असला तरी चालतो. कधीही काढता येतं. म्हणूनच ते राहून जातं. ज्या कामाला शेवटची तारीख नसते ते घरोघर मागे पडतं. दवाखान्याच्या दारात आधारवरचा अंगठा जुळत नाही म्हणून धावपळ करण्यापेक्षा हे काम एखाद्या निवांत दुपारी आयुष्मान अ‍ॅपवरून उरकलेलं बरं.

खासगी पॉलिसी असलेल्यांनी नूतनीकरणाच्या आसपासच्या तारखा जपायच्या. कंपनी बदलायची, म्हणजे पॉलिसी पोर्ट करायची, तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज द्यावा, असं पॉलिसीच्या कागदांत लिहिलेलं असतं. ही सोय १ ऑक्टोबर २०११पासून आहे. जुन्या कंपनीत काढलेली थांब नव्या कंपनीत मोजली जाते, पण जुन्या रकमेपुरतीच. तीन लाखांची पॉलिसी दहा लाखांची केली, तर वरच्या सात लाखांसाठी घड्याळ शून्यापासून.

हप्ता चुकला तर वार्षिक पॉलिसीला तीस दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात भरला की मागची वर्षं वाया जात नाहीत, मात्र मधल्या दिवसांतलं आजारपण उघड्यावर पडतं. सप्टेंबर २०२५मध्ये हे प्रत्यक्ष अनुभवायची वेळ आली. ३ तारखेला जीएसटी परिषदेने वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर काढून टाकायचं ठरवलं आणि तो निर्णय २२ तारखेपासून लागू झाला. मधल्या एकोणीस दिवसांत ज्यांची मुदत संपत होती, त्यांना कर वाचवण्यासाठी थांबायचा मोह होणं स्वाभाविक होतं. वीस हजारांच्या हप्त्यावर ही बचत ३,६०० रुपये. त्या दिवसांत एक रात्र आयसीयूत काढावी लागली असती, तर ती कुठल्या कुठे गेली असती.

शेवटची तारीख निवृत्तीची. कंपनीचा समूह विमा नोकरीबरोबर संपतो, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी बाजारात नवी पॉलिसी घेणारा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. यावर उपाय आहे : त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करणं, ज्यात समूहात काढलेली वर्षं जमेस धरली जातात. अर्ज समूह पॉलिसी संपण्याच्या तीस दिवस आधी द्यायचा असतो. निरोप समारंभाच्या तयारीत एचआरकडून पॉलिसी क्रमांक, किती वर्षं समूहात होतो याचा दाखला आणि विमा कंपनीचा स्थलांतराचा अर्ज, हे तीन कागद आधी मागून घ्यावेत.

(पुढच्या भागात : खोलीभाड्याची मर्यादा आणि त्यामुळे अख्ख्या बिलाला लागणारी कात्री)