आजीचा 'ब्रह्मचारी'

आमची आजी वेल्ह्याची, दिली भोरात. तिनं पाहिलेला पहिला बोलपट मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी', १९३८चा. कथा अत्र्यांची; नायक विनायक आणि दिग्दर्शकही तेच! मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आल्या, तेव्हा सासूबाईंनी आजीच्या डोळ्यांवर पदर धरला म्हणे. "अगं, पदर विरलेला, सगळं दिसलं!" आजी हसायची.

मग मात्र गप्प व्हायची. १९४७च्या ऑगस्टमध्ये विनायक गेले, अवघ्या ४१व्या वर्षी. मुलगी नंदा ८ वर्षांची. घरासाठी लहानपणीच कॅमेऱ्यापुढं उभी राहिली पोर. आजीचेही वडील असेच अवेळी गेलेले. त्याच वयात ती दुसऱ्यांच्या खाचरात भातलावणीला जायची.

नंदाचा सिनेमा लागला, की आजी एसटीनं पुण्याला निघायचीच.