खडकावर चढणारी जीप : पाटे ठेवावेत की कॉइल बसवावी?

श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव या पट्ट्यातील गॅरेजवाल्याची रोजची कामे ठरलेली आहेत. तुटलेला पाटा बदलणे, झिजलेले बुश काढणे, गळका शॉकअप टाकून नवा बसवणे. घाटरस्ता, पावसाळ्यातील खड्डे आणि गाडीत कोंबलेला माल यांनी आपल्या मेकॅनिकला कधी रिकामे बसू दिले नाही. आता मात्र एक वेगळे गिऱ्हाईक बाजारात आले आहे. त्याची जीप बिघडलेली नसते, तरी तो तिच्यावर खर्च करायला तयार असतो. त्याला ती खडकावर चढवायची असते, आणि तीही स्पर्धेत, दुसऱ्यापेक्षा चांगली.

आम्ही कापडाचे व्यापारी. गाडीशी आमचा संबंध दुकानात माल आणण्यापुरता. परंतु गावातील दोन होतकरू कारागीर अशा गाड्या बांधण्याच्या कामासाठी भांडवल विचारायला आले, तेव्हा या विषयात लक्ष घालावे लागले. पैसा गुंतवण्यापूर्वी माल ओळखावा, हा बाजाराचा जुना नियम आहे. चौकशीतून जे हाती लागले ते आपल्या कारागीर बंधूंच्याही उपयोगाचे आहे, म्हणून येथे मांडत आहोत.

स्पर्धा कसली असते?

रॉक क्रॉलिंग म्हणजे खडकांवरून गाडी रांगत नेणे. येथे वेगाला किंमत नाही. गाडी माणसाच्या चालीने, कधी त्याहूनही हळू जाते. आखलेल्या खुणांमधून गाडी न्यायची असते. खुणेला धक्का लागला किंवा गाडी मागे घ्यावी लागली की दंडाचे गुण बसतात. अमेरिकेत या खेळाच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. आपल्याकडे त्याला सर्वांत जवळची म्हणजे गोव्यातील रेनफॉरेस्ट चॅलेंज. मूळ स्पर्धा 1997 साली मलेशियात सुरू झाली आणि तिची भारतीय आवृत्ती 2014 साली भर पावसाळ्यात गोव्यात आली. तिच्यात खडकांबरोबर चिखल आणि पाणीही असते.

अशा जागी चारही चाके जमिनीला टेकलेली राहणे ही पहिली गरज. डिफरन्शियलचा स्वभाव असा की, एक चाक हवेत गेले की जोर तिकडेच वाया जातो आणि गाडी थांबते. म्हणून एक चाक दगडावर आणि दुसरे खड्ड्यात गेले तरी दोन्ही टेकलेली राहतील, इतकी हालचाल सस्पेन्शनने दिली पाहिजे. डिफरन्शियल लॉक बसवला तरी ही गरज संपत नाही, कारण लटकलेले चाक गाडीला आधारही देत नाही.

पाटे : ओळखीचा माल

आपल्या जुन्या जिपांना चारही बाजूंना पाटे असत. महिंद्राच्या जीपची कुळकथा आपल्या वाचकांना रंजक वाटेल. ही कंपनी 1945 साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तेथील पहिले अर्थमंत्री झाले. 1948 साली कंपनीचे नाव बदलले. तिने आणलेली विलीज जीप पाट्यांवरच चालत होती. 1985 साली आलेली मारुती जिप्सीही चारही बाजूंना पाट्यांचीच.

पाट्याचा मोठा गुण असा की तो एकटा दोन कामे करतो. तो वजन पेलतो आणि एक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. वेगळे दांडे लागत नाहीत. किंमत कमी, दुरुस्ती कोणत्याही गावात. ओझ्यासाठी याला तोड नाही, म्हणून मालवाहू पिकअपच्या मागे आजही पाटेच असतात.

खडकावर मात्र त्याचे दोष उघडे पडतात. एकावर एक बसलेले पाटे आपसांत घासतात, त्यामुळे चाक सहज खाली लोंबत नाही. दुसरा दोष अधिक घातक. हळू चालीत भरपूर जोर दिला की एक्सल स्वतःभोवती पिळू पाहतो आणि पाटा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वाकतो. मग चाक उड्या मारू लागते, प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट किंवा मेन पाटा तुटतो. हालचाल वाढावी म्हणून काही जण दोन-तीन पाटे काढून टाकतात. त्याने गाडी मऊ होते, पण हा पीळ आणखी वाढतो. त्यावर एक्सल आणि चासी यांच्यामध्ये ट्रॅक्शन बार बसवणे हा उपाय आहे.

दुसरी प्रचलित युक्ती म्हणजे एक्सलखाली असलेले पाटे एक्सलवर घेणे. याने गाडी साधारण पाच इंच उचलली जाते आणि मोठे टायर बसतात. काम स्वस्तात होते. परंतु स्टेअरिंगच्या दांड्याचा आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, पीळही वाढतो आणि गाडीचा भार उंचावर जातो. कडेच्या उतारावर अशी गाडी लवकर कलंडते. नुसती उंची म्हणजे चढण्याची ताकद, हा समज गिऱ्हाइकाच्या डोक्यातून काढणे हे मेकॅनिकचे काम आहे.

कॉइल आणि दांडे

कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते, एक्सलला धरून ठेवत नाही. त्यासाठी दांडे, म्हणजे लिंक लावाव्या लागतात. यालाच तीन लिंक किंवा चार लिंक सस्पेन्शन म्हणतात. वजन पेलणे आणि एक्सल धरणे ही कामे वेगळी झाल्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवता येते आणि पीळ लिंक सोसतात. अमेरिकेतील जीप रँग्लरने 1997 च्या मॉडेलपासून पाटे सोडून चारही बाजूंना कॉइल घेतली, पण अखंड एक्सल सोडला नाही. आखाती देशांत काम करून आलेल्या आपल्या मेकॅनिकांना निसान पेट्रोलच्या जुन्या गाड्या आठवतील. त्यांत हीच रचना होती. भारतात 2023 साली आलेली मारुती जिम्नी ही गाडी पुढे-मागे अखंड एक्सल आणि कॉइल घेऊनच आली.

चार लिंकमध्ये वरचे दोन दांडे तिरके, त्रिकोणात लावले तर एक्सल आडवा सरकत नाही. तीन लिंक असेल तर त्यासाठी पॅनहार्ड रॉड लागतो. पुढच्या एक्सलवर हा रॉड आणि स्टेअरिंगचा ड्रॅग लिंक शक्य तितके समांतर आणि सारख्या लांबीचे हवेत. नाहीतर चाक वर-खाली होताना स्टेअरिंग आपोआप वळते. खालचे दांडे दगडावर घासतात, म्हणून त्यांचा पाइप जाड हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक्सलवर वेल्ड केलेले ब्रॅकेट. संपूर्ण गाडीचा जोर त्या शिवणीवर येतो. कापडाची शिवण उसवली तर गिऱ्हाईक परत येते; ही शिवण उसवली तर कदाचित येणारही नाही.

याहून महाग प्रकार कॉइलओव्हरचा. यात स्प्रिंग शॉकअपच्या अंगावरच बसते, हालचाल लांब मिळते आणि उंची आटे फिरवून कमी-जास्त करता येते. चांगल्या प्रतीचे चार नग जुन्या जीपच्या किमतीला भिडू शकतात. स्प्रिंगशिवाय केवळ दाबलेल्या वायूवर चालणारे एअर शॉकही असतात. ते हलके व तुलनेने स्वस्त, पण जड गाडीला आणि वेगाला मानवत नाहीत. तापले की त्यांचा ताठरपणा बदलतो.

स्वतंत्र सस्पेन्शन

येथे प्रत्येक चाक आपापले हलते. रस्त्यावर आराम, वेगात पकड. 2010 च्या थारला पुढे टॉर्शन बारवरचे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाटे होते. 2020 च्या थारला पुढे स्वतंत्र कॉइल आणि मागे लिंकवरचा अखंड एक्सल आहे.

खडकावर फरक असा पडतो. अखंड एक्सलचे एक चाक दगडावर चढले की मधला डिफरन्शियलचा गोळाही थोडा वर उचलला जातो आणि दुसरे चाक खाली दाबले जाते. स्वतंत्र प्रकारात चाक वर जाते, पण मधला गोळा आहे तिथेच राहतो, आणि नेमका तोच दगडावर आपटतो. शिवाय बाहेरचे ड्राइव्ह शाफ्ट मोठ्या कोनात जोर सोसत नाहीत. अमेरिकेतील किंग ऑफ द हॅमर्ससारख्या शर्यतीत वाळवंटातील वेग आणि खडक दोन्ही असतात, तेथे स्वतंत्र सस्पेन्शन उपयोगी पडते. नुसत्या संथ खडकासाठी अखंड एक्सलच सरस.

मोजून द्यावे

आम्ही कापड गजाने मोजून देतो, तसे हेही मोजता येते. 20 अंशांच्या उतरणीच्या फळीवर गाडीचे एक पुढचे चाक चढवायचे. दुसरे कोणतेही चाक उचलण्याच्या बेतात आले की थांबायचे. फळीवर चाक जितके अंतर चढले त्याला पुढच्या-मागच्या चाकांतील अंतराने भागून 1000 ने गुणायचे. चाकांतील अंतर 90 इंच आणि चढ 45 इंच झाला, तर आकडा 500. काम करण्यापूर्वी आणि नंतर हा आकडा लिहून दिला तर गिऱ्हाइकाशी वाद उरत नाही. मात्र आकडा मोठा म्हणजे गाडी चांगली असे नव्हे. फार सैल गाडी कडेच्या उतारावर झुकते. आणि चाक पूर्ण लोंबले असताना ब्रेकचा होज ताणला जात नाही, हे याच वेळी तपासावे.

कायद्याची बाजू

येथे पुष्कळांचे पैसे अडकतात. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो. म्हणून स्पर्धेची गाडी फक्त स्पर्धेची. ती दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी, रस्त्यावर चालवू नये. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाळूत अशा गाड्यांची चाचणी घेण्याचा मोहही टाळावा. दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात.

हिशोब काय सांगतो?

ज्याची जीप आठवडाभर माल वाहते, त्याने पाटे हलवू नयेत. खडकासाठी मऊ केलेली गाडी ओझ्याखाली बसते, आणि ओझ्यासाठी कडक केलेली खडकावर चाक उचलते. एकाच गाडीकडून दोन्ही कामे मागणारा दोन्हीकडे तोटा खातो.

जुन्या जीप किंवा जिप्सीवर नवशिक्या स्पर्धक आला तर पाट्यांवरच सुरुवात करावी : चांगले लांब पाटे, नवे बुश, ट्रॅक्शन बार आणि मजबूत रोलकेज. खरा स्पर्धक आला तर अखंड एक्सल, चार लिंक आणि कॉइल. कॉइलओव्हर शेवटी, तेही गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेवर मागवावे, दुकानात भरून ठेवू नयेत.

भांडवल घालणाऱ्यानेही हाच क्रम ठेवावा. पहिला पैसा चांगल्या वेल्डिंग मशीनवर आणि वेल्डरच्या शिक्षणावर, दुसरा मोजमापाच्या साधनांवर, तिसरा मालावर. पाटे ठोकणारे हात आपल्याकडे भरपूर आहेत. लिंकचे कोन मोजून ब्रॅकेट पक्के जोडणारे थोडे आहेत. मजुरीचा चांगला दर त्या थोड्यांनाच मिळणार आहे.